स्कोअर ४ आला, म्हणून गोळी सुरू करायची का?

प्रश्न : माझे सासरे ७६ वर्षांचे आहेत. बीपी आणि शुगर, दोन्हींच्या गोळ्या चालू आहेत. पुतण्याने मोबाइलवर त्यांचा लकव्याच्या धोक्याचा स्कोअर काढला, तो ४ आला. ओळखीतले एक जण म्हणतात, ‘एवढा स्कोअर म्हणजे हृदयाचे ठोके अनियमित असणारच, रक्त पातळ करायची गोळी लगेच सुरू करा.’ शिबिरात काढलेला ईसीजी तर नॉर्मल आहे. आम्ही काय करावं?
— एक वाचक, अमळनेर

उत्तर : ताई, ही गोळी सुरू करू नका. पण म्हणून तो ४ विसरूनही जाऊ नका.

पुतण्याने गणित बरोबर केलं आहे. पंच्याहत्तरीपुढचं वय म्हणून २, बीपीचा १, शुगरचा १. या ‘चॅड्स-व्हॅस्क’ स्कोअरची मांडणी २०१० साली बर्मिंगहॅमच्या डॉक्टरांनी केली, ती एट्रियल फिब्रिलेशन झाल्याचं आधीच ठरलेल्या रुग्णांसाठी. या आजारात हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात, डाव्या कप्प्याच्या कोपऱ्यात रक्त साकळतं आणि ती गुठळी मेंदूत गेली की लकवा. अशा रुग्णाला रक्त पातळ करायची गोळी द्यायची की नाही, एवढं ठरवायला हा स्कोअर आहे. तुमच्या सासऱ्यांना हा आजार आहे की नाही, ते त्यातून कळत नाही.

मग लोक त्याचा असा उपयोग का करतात? कारण वाढतं वय, बीपी, शुगर, कमजोर हृदय या गोष्टी लकव्याला जशा कारण होतात, तशाच ठोके बिघडायलाही होतात. त्यामुळे जास्त स्कोअरच्या माणसांत लपलेलं एट्रियल फिब्रिलेशन जास्त वेळा सापडतं. कुणाची नाडी आधी बघायची, हे स्कोअर सांगतो. त्यापलीकडे त्याच्यावर भार टाकू नका.

कमी स्कोअरवरही निर्धास्त राहता येत नाही. यावलकडच्या एक बाई माझ्याकडे आल्या होत्या, वय ५८, केळीच्या बागेत कामाला जाणाऱ्या. बीपी नाही, शुगर नाही. ‘जीव घाबरस’ एवढीच तक्रार, आणि घरच्यांनी ती उन्हावर ढकललेली. स्कोअर काढला असता तर बाई म्हणून जेमतेम १ आला असता, आणि युरोपच्या २०२४च्या मार्गदर्शक सूचनांनी तर तो बाईपणाचा गुणही काढून टाकला आहे. त्यांची नाडी मात्र हातात धरताच अनियमित लागली, ते एट्रियल फिब्रिलेशनच होतं. लहानपणच्या सांधेतापाने हृदयाची झडप आकसली होती. झडपेचा हा आजार, थायरॉइड, जुना दमा, दारू यांतलं काहीच या स्कोअरमध्ये मोजलं जात नाही. आपल्या भागात मी झडपेकडे आवर्जून बघते.

आता शिबिरातला ईसीजी. त्या कागदावर साधारण १० सेकंदांचे ठोके असतात. एट्रियल फिब्रिलेशन बऱ्याच जणांत येऊन-जाऊन असतं, आणि कित्येकांना धडधडसुद्धा जाणवत नाही. तो कागद त्या १० सेकंदांपुरता खरा आहे.

म्हणून घरीच नाडी बघायला शिका. सासऱ्यांना पाच मिनिटं शांत बसवा. त्यांच्या मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूला आपली मधली तीन बोटं हलकी ठेवा. आपला अंगठा लावू नका, त्यात आपलीच नाडी लागते. पूर्ण एक मिनिट बघा. आकड्यापेक्षा दोन ठोक्यांमधल्या अंतराकडे लक्ष द्या. मुक्ताईच्या दिंडीत एखाद्याचा टाळ मध्येच चुकतो, पण ठेका मोडत नाही. तसा एखादा ठोका चुकणं वयात चालतं. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये ठेकाच सापडत नाही: एक ठोका जोरात, पुढचा पुसट, मग दोन घाईत, मग उगाच थांबा. असं लागलं, किंवा बीपीच्या डिजिटल मशीनवर अनियमित ठोक्यांची खूण वारंवार आली, तर त्याच वेळी जवळच्या दवाखान्यात ईसीजी काढा, उद्यावर टाकू नका. नाडी ठीक लागली तरी त्यांच्या वयाला आणि या स्कोअरला डॉक्टरांशी होल्टरबद्दल, म्हणजे २४ तास ठोके नोंदवणाऱ्या यंत्राबद्दल, जरूर बोला.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगते. जास्त शोधलं की जास्त सापडतं, पण तेवढ्याने लकवे घटतातच असं नाही. डेन्मार्कमध्ये ७० ते ९० वयाच्या, धोका असलेल्या लोकांच्या छातीत कातडीखाली रेकॉर्डर बसवून पाहिलं. २०२१ साली निष्कर्ष आले: आजार जवळपास तिप्पट सापडला, पण लकव्यात ठाम म्हणावी अशी घट दिसली नाही. क्षणभर येऊन जाणारा बिघाड आणि ईसीजीवर उमटणारा बिघाड यांचा धोका सारखा नसावा, असं मला वाटतं. म्हणूनच नुसत्या स्कोअरवर गोळी देण्याला माझा सक्त विरोध आहे. या गोळ्यांनी पोटात, मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. ‘मग निदान ॲस्पिरिन तरी’ हेही नको. एट्रियल फिब्रिलेशनमधल्या लकव्यावर ती पुरी पडत नाही आणि रक्तस्राव तीही करते.

ईसीजीवर आजार दिसलाच, तर तो कागद जपून ठेवा आणि फिजिशियनकडे जाताना क्रिएटिनिन, हिमोग्लोबिन आणि थायरॉइडचे रिपोर्ट सोबत न्या. टू-डी इकोही लागेल, कारण झडप खूप आकसलेली असेल तर रक्त पातळ करायच्या नव्या गोळ्या चालत नाहीत, वॉरफॅरिन ही जुनी गोळीच घ्यावी लागते. झडप ठीक असेल तर सासऱ्यांच्या ४ या स्कोअरला गोळी लागेलच, आणि मग ती कुणाच्या सांगण्यावरून मध्येच बंद करू नका.