इन्फर्नो टॉवर: वापरायचा कसा आणि फोडायचा कसा

क्लॅश ऑफ क्लॅन्स या मोबाइल गेममध्ये टाऊन हॉल 10 वर (गावाच्या मुख्य इमारतीच्या दहाव्या पातळीवर) नुकत्याच पोहोचलेल्या, आपल्या क्लॅनमधल्या (गटातल्या) डोंबिवलीच्या सदस्याचे दोन प्रश्न आहेत: ड्रॅगनचा अटॅक इन्फर्नोपाशी, म्हणजे ज्वाला फेकणाऱ्या बचावाच्या टॉवरपाशी, येऊन का फसतो, आणि स्वतःच्या वॉर बेसमधले (क्लॅनच्या लढाईसाठी लावलेल्या गावातले) दोन इन्फर्नो सिंगलवर ठेवावेत की मल्टीवर. या टॉवरला किती वेळ मिळतो, यावर त्याची ताकद ठरते. त्यामुळे दोन्ही प्रश्नांचा उलगडा त्या वेळेच्या हिशोबातच आहे.

सिंगल मोडमध्ये ज्वाला एकाच लक्ष्याला धरते. पहिले दीडेक सेकंद तिचा मार किरकोळ असतो, मग तो वाढतो, आणि पाच सेकंद उलटले की इतका प्रचंड होतो की गोलेम किंवा पेक्कासारखे दणकट सैन्यही बघता बघता संपते आणि मागे जखमा भरणारे हीलर असूनही राणी (आर्चर क्वीन ही हिरो) वाचत नाही. लक्ष्य मेले किंवा पल्ल्याबाहेर गेले की मार पुन्हा पहिल्यापासून चढू लागतो. मल्टीमध्ये एका वेळी पाच लक्ष्ये भाजली जातात, पण मार चढत नाही. म्हणून हॉग, बलून, वटवाघळे अशा घोळक्याने येणाऱ्या सैन्याला तो जड जातो, तर राणीला फारसा भारी पडत नाही.

फ्रीझचा, म्हणजे टॉवर काही वेळ गोठवणाऱ्या जादूचा, उपयोग बहुतेक जण चुकीच्या क्षणी करतात. सिंगल इन्फर्नोने आपल्या गोलेमला धरले रे धरले की लगेच फ्रीझ टाकले जाते आणि ज्या सेकंदांत मार नगण्य असतो तेच गोठवले जातात. ज्वाला लागल्यापासून चार सेकंद थांबा आणि शेवटचा टप्पा सुरू होण्याच्या बेतात असताना फ्रीझ टाका. त्याने टॉवर तेवढा वेळ थंड राहतोच, शिवाय भानावर आल्यावर त्याला मार पुन्हा शून्यापासून चढवावा लागतो, म्हणजे एका फ्रीझमध्ये दुप्पट वेळ हाती लागतो. विजेच्या जादूच्या झटक्यानेही ही साखळी तुटते. टॉवरचे लक्ष वेधायला सांगाडे उतरवणाऱ्या जादूचे मात्र उलट आहे, ती आधीच टाकावी लागते. टॉवर एकदा लक्ष्यावर लॉक झाला की ते मरेपर्यंत किंवा पल्ल्याबाहेर जाईपर्यंत दुसरीकडे पाहत नाही, त्यामुळे सांगाडे आपला मुख्य योद्धा पल्ल्यात शिरण्याआधीच पडायला हवेत. नंतर टाकलेले सांगाडे वाया जातात.

आता ड्रॅगन. ड्रॅगनला ठरावीक आवड नाही, समोर येईल ती इमारत तो फोडत बसतो. इन्फर्नोभोवती सोन्याची किंवा एलिक्सरची कोठारे असतील, तर ती फुटायला वेळ लागतो आणि तो सगळा वेळ टॉवरच्या पदरात पडतो. म्हणून कोठारांच्या त्या पट्ट्यावर रेज (सैन्याचा मार आणि वेग वाढवणारी जादू) आणि टॉवरवर फ्रीझ जवळपास एकाच वेळी पडले पाहिजेत. आधी दोन्ही बाजूंच्या बाहेरच्या इमारती साफ केल्या नसतील, तर निम्मे ड्रॅगन बेसच्या कडेकडेने फिरत राहतात आणि आत गेलेले एकेक करून जळतात; तिथे कोणतीही जादू कामी येत नाही.

स्वतःचा बेस लावताना हेच शत्रूवर उलटवायचे. इन्फर्नो कोठारांच्या आड ठेवा. फ्रीझची त्रिज्या साडेतीन चौकटींची असते, त्यामुळे दोन इन्फर्नोंमध्ये आठ चौकटींहून अधिक अंतर ठेवा आणि एअर डिफेन्सही (उडणाऱ्या सैन्यावर मारा करणारे टॉवर) त्यांना चिकटवून ठेवू नका, नाहीतर एकाच फ्रीझमध्ये दोन शिकारी गोठतील. मोडबद्दल माझे स्पष्ट मत आहे की एक सिंगल आणि एक मल्टी ठेवावा, आणि राणी ज्या बाजूने चालत येण्याची शक्यता जास्त त्या बाजूला सिंगल असावा. दोन्ही सिंगल ठेवले की वटवाघळांना रान मोकळे होते, आणि मोड पाहणी करताना शत्रूला दिसतच असतो. पल्ला सिंगलमध्ये 9 आणि मल्टीमध्ये 10 चौकटींचा असतो, हेही रचना करताना ध्यानात असू द्या.

सराव फ्रेंडली चॅलेंजमध्ये, म्हणजे क्लॅनमधल्याच कुणाच्या बेसवर, करावा. चार सेकंदांचा अंदाज हाताला बसेपर्यंत तेच तेच करून पाहावे आणि नंतर रिप्लेमध्ये ज्वाला नेमकी कधी दाट होते ते पाहावे. वॉरचा अटॅक मात्र लोकलमधून करू नये. आपल्या क्लॅनमधले बरेच जण मध्य रेल्वेने येतात, आणि वाटेत नेटवर्क गेले, तर तीन मिनिटांच्या अटॅकमध्ये फ्रीझ टाकण्याचा तो एक क्षण परत मिळत नाही. वॉरचा लढाईचा दिवस पूर्ण 24 तासांचा असतो. घरी पोहोचून, वाय-फायवर, निवांत बसून अटॅक करावा आणि दुसऱ्या इन्फर्नोसाठी एक फ्रीझ शेवटपर्यंत राखून ठेवावे.