न्यूड बीचवर फोटो काढता येतात का?

समुद्रकिनारा सार्वजनिक आहे, मग फोटो काढायला कोणाची हरकत असेल, असं तुम्ही विचारलंय. हरकत असते, आणि ती रास्त आहे. कपड्यांशिवाय वावरायला लोक तयार झाले ते त्या जागेपुरते, तुमच्या फोनसाठी नाही.

बहुतेक नॅचरिस्ट, म्हणजे कपड्यांशिवाय वावरता येणाऱ्या रिसॉर्टमध्ये कॅमेऱ्याला सरसकट मनाई असते किंवा आधी परवानगी घ्यावी लागते. काही ठिकाणी दारातच फोनच्या लेन्सवर स्टिकर लावतात. नियम लिहिलेला नसला तरी फ्रेममध्ये येणाऱ्या प्रत्येकाला आधी विचारायचं. मागे दूरवर बसलेली माणसंही त्यात आली. चेहरा दिसत नसला तरी टॅटूवरून ओळख पटते. आणि फोटो काढायला मिळालेला होकार म्हणजे तो पोस्ट करायचा होकार नव्हे. तो वेगळा विचारा. मुलांचे फोटो मात्र अजिबात काढू नका, आईवडील हो म्हणाले तरी.

कायदा देशागणिक बदलतो. फ्रान्समध्ये खासगी जागेतल्या माणसाचा संमतीविना फोटो काढून त्याच्या खासगी आयुष्यात ढवळाढवळ केली, तर दंडसंहितेच्या कलम २२६-१ नुसार १ वर्ष कैद आणि ४५,००० युरो दंडापर्यंत शिक्षा होऊ शकते. जर्मनीत घरात किंवा आडोशाच्या जागी असा फोटो काढल्यास तिथल्या दंडसंहितेच्या कलम २०१ए खाली २ वर्षांपर्यंत कैद किंवा दंड होतो. उघड्या किनाऱ्याला ही कलमं जशीच्या तशी लागू होतीलच असं नाही, पण तिथेही माणसाचा स्वतःच्या छायाचित्रावरचा हक्क संपत नाही.

कुणी चोरून फोटो काढताना दिसलं तर स्वतः फोन हिसकावू नका, कर्मचाऱ्यांना किंवा पोलिसांना बोलवा.