हरणारी राणी : पत्त्यांच्या जादूविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या कार्यालयाच्या स्नेहसंमेलनासाठी यंदा ‘कॅसिनो’ ही कल्पना ठरली आहे. मला पत्त्यांची जादू करून दाखवायची आहे, परंतु हातचलाखी मुळीच येत नाही. पोकरच्या टेबलाला शोभेल असे काही सुचवाल का? – एक वाचिका, नाशिक

उत्तर : जादूगारांमध्ये फार पूर्वीपासून चालत आलेला दहा पानांचा डाव आपण करावा, असे मी निःशंकपणे सुचवीन, कारण त्यात बोटांच्या कौशल्यावर काहीही अवलंबून नसते, सारे काम गणित करते. कॅटमधून तीन राजे, तीन गुलाम, तीन सत्त्या आणि बदामची राणी अशी दहा पाने काढावीत. पोकरमध्ये हार-जीत पाच पानांवर ठरते, म्हणून ही दहा पाने दोघांत सारखी वाटली जातात, आणि राणी ज्याच्याकडे जाते तो हरतो. याला एकही अपवाद नाही.

असे का होते, हे समजून घेतल्यास सादर करताना मन निर्धास्त राहते. राणी नसलेल्या हातातली पाचही पाने राजे, गुलाम आणि सत्त्या यांतलीच असतात, त्यामुळे त्यांची विभागणी तीनच प्रकारे होऊ शकते. एकाची तीन आणि दुसऱ्याची दोन पाने आली, तर ते ‘फुल हाउस’ होते आणि समोरच्याकडे फार तर तीन सारखी पाने उरतात. तीन, एक आणि एक अशी पाने आली, तर समोरच्याकडे दोन जोड्या राहतात, आणि त्या तीन सारख्या पानांपेक्षा कमी ठरतात. दोन, दोन आणि एक अशी आली, तर आपल्या दोन जोड्यांसमोर त्याची एकच जोडी पडते. तीन पत्ती खेळणाऱ्यांच्या मनात सीक्वेन्स आणि कलर यांची शंका येईल, कारण तीन पत्तीत सीक्वेन्स कलरपेक्षा मोठा असतो, तर पोकरमध्ये नेमके उलट आहे. परंतु येथे राजा, राणी, गुलाम आणि सत्ती एवढीच चार प्रकारची पाने असल्यामुळे पाच क्रमवार पाने किंवा एकाच चिन्हाची पाच पाने कोणालाही मिळूच शकत नाहीत. एकटे पान म्हणून मी मुद्दाम राणी निवडली आहे: चित्राच्या पानांत ती उठून दिसत नाही, आणि हरणाऱ्याला आपला हात वाईट आहे असे शेवटपर्यंत वाटत नाही.

आता राणी समोरच्याकडे कशी पाठवायची? तिच्या पाठीवर, समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत, नक्षीच्या रेषेलगत पेन्सिलीने बारीक ठिपका द्यावा, म्हणजे पान उलटे फिरले तरी एक ठिपका वरच राहतो. दहा पाने समोरच्याला मनसोक्त पिसू द्यावीत. ती परत घेऊन, “दहाच आहेत ना?” असे म्हणत पालथीच एकेक करून या हातातून त्या हातात सरकवावीत, पण त्यांचा क्रम बदलू देऊ नये, तेवढ्यात राणी वरून कितवी आहे ते दिसते. ती विषम क्रमांकावर असेल तर आपण वाटावे, सम क्रमांकावर असेल तर त्याला वाटायला सांगावे. वाटणाऱ्याने पहिले पान नेहमी समोरच्याला द्यायचे, एवढाच नियम पाळला की राणी बरोबर त्याच्याकडेच जाते. जो स्वतः पाने पिसतो, स्वतःच वाटतो आणि तरीही हरतो, त्याचा चेहरा पाहण्यासारखा असतो.

शेवटच्या फेरीत वाटणेच बंद करावे. दहा पाने पालथी पसरून दोघांनी आळीपाळीने एकेक उचलायचे ठरवावे. आपण सुरुवात करावी आणि राणीला हात लावू नये. पहिले पान आपण उचलले की दहावे त्याच्या वाट्याला येते. राणी त्याने मध्येच उचलली नाही, तरी शेवटी तीच त्याच्यासाठी उरते. ही फेरी झाली की थांबावे, कारण चौथ्या-पाचव्या वेळी प्रेक्षक पाने पाहायचे सोडून त्यांच्या पाठी न्याहाळू लागतात. एक सूचना मात्र आवर्जून करतो : अशा कार्यक्रमांत दिवे मंद ठेवण्याची प्रथा असते, तेव्हा ठिपका त्याच सभागृहात, त्याच दिव्याखाली आधी तपासून पाहावा.

प्रश्न : चारही एक्के प्रेक्षकाकडूनच कापून काढण्याचा एक प्रयोग मी शिकलो, पण निम्म्या वेळा फसतो. चूक कोठे होत असावी? – एक महाविद्यालयीन विद्यार्थी, सातारा

उत्तर : आपण क्रम चुकवत असावात. एक्के कॅटच्या अगदी वर असतात. प्रेक्षक कॅटचे चार गठ्ठे करतो, तेव्हा ते ज्या गठ्ठ्यावर राहतात तो सर्वांत शेवटी हाताळावा लागतो. प्रत्येक गठ्ठ्याची वरची तीन पाने तळाशी घालायची आणि मग वरून एकेक पान उरलेल्या तीन गठ्ठ्यांवर ठेवायचे. अशा रीतीने एक्क्यांवर तीन परकी पाने जमतात, त्या गठ्ठ्याची पाळी आली की तीच तळाशी जातात, आणि वाटले जातात ते एक्के. प्रेक्षकाने गठ्ठे इकडेतिकडे सरकवले, तर आपली नजर त्या एका गठ्ठ्यावरून हलता कामा नये. शिवाय “साधारण सारखे गठ्ठे करा” असे आधीच सांगावे, नाहीतर एखादा वरची दोनच पाने उचलून वेगळी ठेवतो आणि एक्के दोन ठिकाणी विभागले जातात. हा प्रयोग सर्वांत आधी करावा. कॅट नुकताच खोक्यातून निघालेला असल्यामुळे पाने पिसण्याचा आग्रह सहसा होत नाही.

प्रश्न : मुलांसमोर जुगाराचे खेळ नकोत, असे सासूबाई म्हणतात. त्यांना काय सांगावे? – एक वाचिका, पणजी

उत्तर : त्यांची काळजी योग्य आहे आणि तिचा मान राखूनच खेळ करावा. गोव्यात कॅसिनो परवान्याने चालतात, त्यामुळे मुलांच्या कानांवर हे शब्द पडतातच. घरच्या खेळात पैसा मुळीच आणू नये, गंमत म्हणून एक रुपयाही लावू नये. प्लास्टिकच्या चकत्या पुरेशा आहेत. पाने आपण आधीच लावून ठेवली आहेत, हे सुरुवातीलाच मोकळेपणाने सांगावे. त्याने जादू कमी होत नाही, कारण ती कशी लावली हे कोणालाच कळलेले नसते.

मुले मोठी असतील, तर रस्त्यावर चालणाऱ्या ‘राणी ओळखा’ या खेळाची युक्तीही त्यांना उघड करून दाखवावी. खेळवणारा एका हातात दोन पाने एकाखाली एक धरतो. खालचे पान आधी पडले असे आपल्याला वाटते, प्रत्यक्षात तो वरचे आधी टाकतो. भोवती उभे राहून जिंकणारे त्याचेच साथीदार असतात. मुलांना हे स्वतःच्या हातांनी दोन-तीनदा करू द्यावे. सासूबाईंनाही त्या वेळी जवळ बसवून राणी ओळखायला सांगावे. त्यांची हरकत बहुधा तेथेच मावळेल. ठिपका दिलेली राणी मात्र घरच्या रमीच्या कॅटमध्ये परत मिसळू नये. तिच्यासाठी जुन्या कॅटमधली पाने वेगळी काढून ठेवावीत.