सभागृहाला साड्यांचं छत

प्रश्न : आमच्या शाळेला ५० वर्षं झाली. जानेवारीत माजी विद्यार्थ्यांचा मेळावा आहे. सभागृह ४० बाय ६० फूट, वर लोखंडी कैच्या (छपराचे त्रिकोणी सांगाडे) आणि पत्रा. कैचीचा खालचा पाइप १६ फुटांवर. डेकोरेटरने आकडा सांगितला तो ऐकून आम्ही मुकाट्याने परत आलो. आता घरोघरच्या साड्या गोळा करून त्यांचंच छत करावं असं चाललंय. जमेल का? साड्या किती लागतील?
– एक माजी विद्यार्थिनी, सांगली जिल्हा

उत्तर : ताई, जमेल. मी मांडववाला, माझा धंदा बुडवणारं उत्तर देतोय, पण जमेल.

साड्या मोजायच्या आधी मान वर करून पंखे मोजा. पंखा आणि छत एकत्र नांदत नाहीत. उमेदवारीच्या काळात एका लग्नात मी पंख्यांखाली सॅटिन ताणलं, बटणांकडे लक्ष दिलं नाही. पंगत बसली, कुणा काकांना उकडलं, त्यांनी बटण दाबलं. वाऱ्याने कापड फुगलं, पात्यात गेलं आणि दांडीला गुंडाळत सुटलं. जिलबीच्या ताटात झालर पडली होती. तेव्हापासून मी बटणावर चिकटपट्टी लावत नाही, पंख्यांचा फ्यूजच काढून खिशात ठेवतो. तुम्ही भिंतीकडेला उभे पंखे ठेवा.

आता हिशेब. मधोमध एक कडं, तिथून चहूबाजूंच्या भिंतींकडे २४ पट्ट्या. भिंतीशी दर आठ फुटांना एक पट्टी येते. साडीचा पन्हा चार फुटांच्या आत, म्हणजे मधे फट राहते. राहू द्या, गरम हवा वर जायला वाट हवी. लांब भिंत कड्यापासून २० फूट, आखूड भिंत ३० फूट, कोपरा ३६. त्यावर झोलासाठी दहावा हिस्सा धरा. सहावारी साधारण १८ फुटांची, नऊवारी २७. लांब भिंतीच्या मध्यावर एक नऊवारी पुरते. बाकी ठिकाणी दोन सहावारी जोडा आणि कोपऱ्यांत व कोपऱ्यालगत सहावारीला नऊवारी. जोड कच्च्या टाक्याने घाला, नंतर दोरा ओढला की साडी मोकळी. फूटभर कमी पडलं तर सुतळी भरून काढते. एकूण ४५ साड्या गोळा करा.

सगळ्या सुती घ्या, नायलॉन-पॉलिस्टर परत करा. ते पेटलं की वितळून अंगावर ठिबकतं. हरियाणातल्या डबवालीला २३ डिसेंबर १९९५ रोजी शाळेच्याच कार्यक्रमात असा मांडव पेटला, चारशेहून जास्त माणसं गेली, त्यात निम्म्याहून जास्त मुलं. सुतीही पेटतं, म्हणून कापडाजवळ हॅलोजन नको आणि दोन्ही दारं उघडी हवीत. साड्या कमी पडल्या तर इचलकरंजी तुमच्या जवळ आहे, सुती वॉइलचं ठाण आणा.

कड्याला सायकलची जुनी रिम घ्या, आऱ्या काढलेली. ती तीन ठिकाणी दोरी बांधून कैचीला लावलेल्या कप्पीवरून खाली सोडा, सगळ्या पट्ट्या जमिनीवर उभं राहूनच बांधा, मग ओढून वर घ्या. घोडीवर चढून एकेक गाठ मारणारे हौशी लोक मी पाहिलेत, दुपारपर्यंत थकतात. भिंतीकडची टोकं बांधताना एक इकडची, लगेच तिच्या बरोबर समोरची. चाकाच्या आऱ्या आवळतात तसं. एकाच बाजूने बांधत गेलात तर रिम तिकडे सरकते आणि छत शेवटपर्यंत वाकडं दिसतं. टोकं खिळ्याला नकोत. खिडक्यांच्या गजांमधून ११ फुटांवर जाड तार फिरवा, तिला बांधा.

आणि साडीला टाचणी, भोक काही नाही. पदराच्या टोकात लिंबाएवढा गुळगुळीत गोटा ठेवायचा, कापड त्याच्यावर गोळा करायचं आणि गोट्याच्या खाली सुतळीचे तीन वेढे आवळायचे. कितीही ताणा, निसटत नाही. काठाच्या आतल्या बाजूला मालकिणीच्या नावाची चिठ्ठी टाकून ठेवा. उतरवताना सगळ्या इंदुरी साड्या सारख्याच दिसतात.