घर बदललं, नाव मात्र जुन्याच यादीत

प्रश्न : आम्ही दुसऱ्या विधानसभा मतदारसंघात राहायला आलो. नव्यानं नमुना ६ भरायचा का? सासूबाई ८६ वर्षांच्या आहेत, जिना उतरता येत नाही. त्यांचं मत वाया जाणार का?

उत्तर : नमुना ६ अजिबात भरू नका. तो पहिल्यांदा नाव नोंदवणाऱ्यांसाठी असतो. तुम्ही भरलात तर दुबार नोंदीचा घोळ होईल. तुमच्यासाठी नमुना ८. मतदार सेवा पोर्टलवर मतदार ओळखपत्राचा क्रमांक टाका, 'निवासस्थानातील बदल' निवडा. पुरावा नव्या पत्त्याचाच हवा : नोंदणीकृत भाडेकरार, बँकेचं चालू पासबुक किंवा वीजबिल. आधारवर जुना पत्ता असेल तर तो जोडून उपयोग नाही. घरातल्या प्रत्येकाचा अर्ज वेगळा. बीएलओ (मतदान केंद्रस्तरीय अधिकारी) पडताळणीला येतात तेव्हा दाराला कुलूप असेल तर अर्ज रखडतो, म्हणून चालू मोबाइल क्रमांक द्या. निवडणूक जाहीर होण्याची वाट पाहू नका. उमेदवारी अर्जाच्या शेवटच्या तारखेला दहा दिवसही उरले नसतील, तर त्या निवडणुकीपुरतं नाव येणं अवघड.

सासूबाईंचं मत वाया जाऊ देऊ नका. लोकसभा-विधानसभेला ८५ वर्षांवरील मतदारांना घरून मतदान करता येतं. त्यासाठी नमुना १२-ड हा अर्ज निवडणुकीच्या अधिसूचनेपासून पाच दिवसांत द्यावा लागतो. बीएलओ तो घरी आणून देतात. मात्र हा पर्याय मंजूर झाला की केंद्रावर मत देता येत नाही. मत नोंदवून घ्यायला पथक येईल त्या दिवशी सासूबाईंना घरीच ठेवा.