हवेची बोट घ्या, पण इंजिनाशिवाय आणि हप्त्याशिवाय

प्रश्न (पत्र थोडक्यात): माझं वय ४१, पुण्यात नोकरी. हातात पगार १,३०,००० रुपये येतो. घराचा हप्ता ४४,०००, घरखर्च ४८,०००, मुलीच्या शाळेचे महिन्याला ९,००० आणि एसआयपी १५,०००. बँकेत २,८०,००० ची मुदत ठेव आहे. आमचं गाव मालवण तालुक्यात, कालावल खाडीच्या काठी. सुट्टीत गावी गेल्यावर खाडीत फिरायला हवा भरायची बोट आणि ५ अश्वशक्तीचं आउटबोर्ड इंजिन घ्यायचं मनात आहे. सगळं मिळून २,५०,००० चं कोटेशन आलंय. विक्रेता १३ टक्क्यांनी ३ वर्षांचं कर्ज मिळवून देतो म्हणतो. कर्ज घेऊ की ठेव मोडू? सीझनमध्ये पर्यटकांना फेऱ्या मारून खर्च भरून निघेल, असंही तो म्हणाला.

उत्तर:

नमस्कार. तुमचं पत्र वाचून फार बरं वाटलं. मुलगी नऊ वर्षांची आहे आणि तिला आजोबांच्या खाडीत वल्हं मारायला शिकवायचंय, हे तुम्ही शेवटी एका ओळीत लिहिलंय. माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची ओळ तीच. म्हणून "हौसेचे पैसे बँकेत टाका" असं मी सांगणार नाही. पण कर्ज घेऊ नका आणि ठेवीलाही हात लावू नका.

आधी ठेवीचं बघू. हप्ता, घरखर्च आणि शाळा मिळून तुमचा न टळणारा खर्च महिन्याला १,०१,००० आहे. नोकरीत काही मागेपुढे झालं तर निदान सहा महिने निघावेत म्हणून ६,०६,००० हाताशी हवेत. तुमच्याकडे आहेत २,८०,०००, म्हणजे तीन महिन्यांचेही पूर्ण नाहीत. त्यातून अडीच लाख काढले तर ३०,००० उरतात. तो जेमतेम नऊ दिवसांचा खर्च झाला. घरात आई ६८ वर्षांची आहे, तिच्या आरोग्य विम्याबद्दल तुम्ही काहीच लिहिलेलं नाही. तेवढं मला पुढच्या पत्रात कळवा.

आता कर्ज. अडीच लाखांवर १३ टक्के, ३६ महिने, म्हणजे हप्ता ८,४२४ रुपये आणि एकूण व्याज ५३,००० च्या वर. तुमच्याकडे महिन्याला १४,००० शिल्लक राहतात, त्यातले साठ टक्के या हप्त्यात जातील. ठेव वाढवायला मग उरतं काय? घराचं कर्ज वेगळं, घर मागे राहतं. ज्या वस्तूची किंमत पहिल्याच उन्हाळ्यात उतरायला लागते, तिच्यासाठी व्याज भरू नये.

खरा हिशेब पुढे आहे. बोट वर्षात किती दिवस पाण्यात उतरेल?

तुम्ही लिहिलंय की गणपतीला पाच दिवस, डिसेंबरात चार आणि मे महिन्यात आठ दिवस गावी असता. गणपतीचे पाच दिवस सोडून द्या. त्या दिवसांत गड नदी पावसाचं पाणी घेऊन खाली येत असते, खाडी लाल-गढूळ असते, ओढ जबरदस्त असते आणि ओंडके वाहत येतात. त्या पाण्यात हवेची बोट घालायची नाही. मेअखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत आपल्या किनाऱ्यावर जलक्रीडा बंदच ठेवतात, ते उगाच नाही. राहिले डिसेंबर आणि मेचे मिळून बारा दिवस. त्यातही रोज जमत नाही, कारण खाडीत घड्याळ आपलं चालत नाही, भरती-सुकतीचं चालतं. सुकतीला आतल्या फाट्यांमध्ये गुडघाभर चिखल उरतो. दुपारी खारा वारा सुटला की हवेची बोट पाण्यावर पानासारखी ढकलली जाते. ती पाण्यात खोल बसत नाही, त्यामुळे वाऱ्याला धरायला सगळी वरच असते. म्हणजे सकाळी भरती जुळेल तेच दिवस तुमचे. मी सढळ हाताने आठ फेऱ्या धरतो.

बोट सहा वर्षांनी ७०,००० ला विकली गेली असं धरू (हा आकडाही मी उदार ठेवलाय). दरवर्षी ३०,००० ची झीज. व्याज सहा वर्षांत वाटलं तर वर्षाला सुमारे ८,९००. इंजिनाची सर्व्हिसिंग, नोंदणी, विमा, डिंक-ठिगळं यांचे १२,०००. झाले जवळजवळ ५१,०००. भागिले आठ म्हणजे एका सकाळचे ६,३०० च्या वर. तुमच्या चुलतभावाच्या ओळखीचा होडीवाला सकाळभराचे १,५०० घेतो, असं तुम्हीच लिहिलंय. आठ सकाळी त्याच्याबरोबर गेलात तर १२,०००. वर्षाला ३९,००० चा फरक पडतो. ते ठेवीत टाकले तर सात-आठ वर्षांत सहा महिन्यांची तजवीज नुसत्या या फरकातून पूर्ण होते.

पर्यटकांच्या फेऱ्यांचं उत्पन्न मात्र कागदावरून पूर्ण खोडा. पैसे घेऊन माणसं बसवली की मामला हौसेचा राहत नाही. बोटीचं सर्वेक्षण, परवाना, चालवणाऱ्याचं प्रमाणपत्र आणि प्रवाशांचा विमा हे सगळं लागतं. हे न करता कोणी पाण्यात पडलं तर तुमचं घर, पगार, सगळं पणाला लागेल. शिवाय ज्यांचं पोट त्याच खाडीवर आहे, त्या होडीवाल्यांच्या सीझनच्या धंद्यात पुण्याहून येऊन वाटेकरी होणं मला पटत नाही.

स्वतःपुरतं इंजिन लावलं तरी कागदपत्रं सुटत नाहीत. यांत्रिक बोटींच्या नोंदणीसाठी २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा आहे, आणि आपल्याकडे हे काम महाराष्ट्र सागरी मंडळाकडे येतं. विनायंत्राच्या होड्यांच्या स्थानिक नोंदीचाही त्या कायद्यात विचार आहे. म्हणून काहीही घेण्याआधी मालवणच्या बंदर कार्यालयात जाऊन समोरासमोर विचारा. विक्रेत्याच्या "काही लागत नाही साहेब" यावर विसंबू नका. तुमच्या अपघात विम्याच्या पॉलिसीत साहसी खेळांबद्दलचं कलम काय म्हणतं तेही वाचा. बऱ्याच पॉलिसींत ते वगळलेलं असतं.

हे मी नुसत्या आकड्यांवरून बोलत नाही. काही वर्षांपूर्वी एका मित्राबरोबर भागीत मी अशीच बोट घेतली होती. आचऱ्याच्या खाडीत सुकती लागलेली असताना आम्ही एका जुन्या धक्क्याच्या खांबांजवळून गेलो. खांबांना कालवं (धारदार शिंपले) चिकटलेली असतात हे माहीत होतं, पण पाणी उतरताना ती नेमकी बोटीच्या फुगवलेल्या नळीच्या उंचीला येतात हे डोक्यात आलं नव्हतं. नुसता घासल्याचा आवाज आला. वीतभर चीर. पुढचा कप्पा दोन मिनिटांत मऊ पडून पाण्याला टेकला. बाकीचे दोन कप्पे धरून होते, म्हणून आम्ही वल्हवत चिखलाला लागलो. तिथे चिखलातून मुळे (शिंपल्या) काढणाऱ्या एका बाईने लांबूनच हाक मारली, "थयच ऱ्हवा, भरती येवंदे." दोन तास आम्ही कांदळाच्या मुळांमध्ये उभे होतो आणि ती टोपली भरून निघून गेली. ठिगळाचा डिंक धरायला पूर्ण दिवस जातो, तोही कोरड्या हवेत. मे महिन्याच्या दमटपणात आमचं ठिगळ दुसऱ्या दिवशी सुटलं आणि चार दिवसांची सुट्टी तिथेच संपली. त्या वेळी इंजिन असतं तर त्याचं २५ किलोचं वजन मागे घेऊन पुढून बसलेली बोट आम्हाला वल्हवता आली असती का, हा विचार मला अजून येतो.

म्हणून इंजिन नको. त्याशिवाय तुम्हाला जे पाहायचंय ते जास्त चांगलं दिसतं. कालावल खाडी म्हणजे मधली जुवी, म्हणजे बेटं (मसुरकर जुवा, खोतजुवा), काठचे माड आणि कांदळ. इंजिन चालू केलं की खंड्या उडालाच म्हणून समजा. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बाया हातवल्ह्याच्या होडीतून कांदळवन दाखवतात. डिसेंबरात एक दिवस मुलीला घेऊन तिथे जाऊन या. वल्ह्याच्या वेगाने खाडी कशी दिसते ते कळेल, आणि पोरीला तास-दीड तास शांत बसवतं का तेही.

तर मी असं करीन. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत त्या कर्जाचा हप्ता स्वतःच्याच वेगळ्या खात्यात भरा. पाच महिन्यांत ४२,००० जमतात. शिल्लकीतले उरलेले साडेपाच हजार दरमहा ठेवीकडे वळवा. हा हप्ता पाच महिने न चुकता भरता आला नाही, तर तीन वर्षं भरता आला नसता हेही आपोआप कळेल. डिसेंबरच्या चारही सकाळी चुलतभावाच्या ओळखीच्या होडीवाल्याबरोबर जा, आणि त्याच्या शेजारी बसून वल्हं हातात घ्या. पाणी कुठे उथळ होतं, दगड कुठे आहेत आणि कालवं कुठल्या खांबांना आहेत ते तो दाखवेल. तळाशीलच्या टोकाला खाडी समुद्राला मिळते, तिथून सुकतीला किती लांब राहायचं हेही त्यालाच विचारा. सहा हजारांत याहून चांगली शिकवणी मिळणार नाही.

एप्रिलमध्ये, तेव्हाही मन तेच म्हणत असेल तर, वल्ह्याची हवेची बोट घ्या. त्या ४२,००० तले पहिले पैसे लाइफ जॅकेटचे. मुलीचं जॅकेट तिच्या वजनाला बसणारं, मांड्यांमधून पट्टा असलेलं. दुकानात घालून, खांद्याला धरून वर ओढून बघा. कानापर्यंत सरकलं तर ते तिचं नाही. उरलेल्या पैशांत बोट. हवेचे निदान तीन वेगळे कप्पे, तळाला घासपट्टी, जाड कापडाचं पीव्हीसी. खेळण्यासारखी पातळ निळी-पिवळी बोट कितीही स्वस्त दिसली तरी खाडीत नको. भर उन्हात तिला काठावर पूर्ण फुगवून ठेवायचं नाही, आतली हवा तापून शिवण ताणते. पुण्याला परत आणण्याआधी गोड्या पाण्याने धुवून, सावलीत खडखडीत वाळवून गुंडाळा. फ्लॅटच्या माळ्यावर ओली गेलेली बोट पुढच्या मेमध्ये बुरशी घेऊन बाहेर येते.

या वल्ह्याच्या बोटीचा खर्च सहा वर्षांत वाटला आणि दुरुस्तीचे दोन-तीन हजार धरले, तर आठ फेऱ्यांना सकाळमागे बाराशेच्या आसपास पडतात. होडीवाल्यापेक्षा थोडं कमीच. हे आकडे मला मान्य आहेत. एसआयपी बंद करायची नाही आणि ठेवही तशीच वाढत राहील.

एक गोष्ट आजच करून ठेवा. कॅलेंडर काढून सुट्टीच्या तिथ्या बघा. आपल्याकडच्या जुन्या हिशेबाने तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. द्वादशीला नऊ येतात. म्हणजे साडेसहाला निघालात तर भरतीच तुम्हाला मसुऱ्याच्या दिशेने वर नेईल. एका काठाला भरतगड, समोर भगवंतगड. तिथे पाणी थबकलं की न्याहारी करा आणि सुकतीबरोबर खाली या, खारा वारा उठायच्या आत. या मेमध्ये तुमच्या आठ दिवसांत एकादशी ते त्रयोदशी बसते का बघा, आणि बसत नसेल तर रजा दोन-चार दिवस सरकवा.