बायको-मुलीला घेऊन इटलीत ट्युरिनला येऊ का, असं विचारणाऱ्या खानापूरच्या भावाला

प्रश्न असा होता: बी.ई. मेकॅनिकल, बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत सहा वर्षं नोकरी, आता ट्युरिनच्या पॉलिटेक्निकमध्ये मास्टर्सला ॲडमिशन मिळालंय, बायको आणि चार वर्षांच्या मुलीला घेऊन जाऊ का, कॉलेज कसं आहे, मुलीच्या शाळेचं काय, आणि एकटं वाटतं का.

भावा, तुला 'तू' म्हणतोय, राग मानू नको, उद्यमबागेतला म्हणजे आमच्यातलाच. मी २०१६ ला त्याच कॉलेजात आलो नी इथंच राहिलो. तीन दिवस तुझा प्रश्न डोक्यात घेऊन फिरत होतो, शेवटी बायको म्हणाली लिहून टाक एकदाचं. फी, व्हिसा, बँकेत किती पैसे दाखवायचे, हे सगळं वेबसाइटवर आहे, त्यात माझा वेळ घालवत नाही.

आधी घरच्यांची तयारी कर. पॉलिटेक्निक म्हटलं की आपल्याकडं दहावीनंतरचा डिप्लोमा. आमच्या काकांनी शहापुरात चार लोकांत सांगितलं की पोरगं बी.ई. झालं नी आता डिप्लोमा करायला परदेशी चाललंय, उलटं शिकतंय. आईला दोन वर्षं लोकांना समजावून सांगावं लागलं. तर ही सरकारी युनिव्हर्सिटी आहे, इंजिनियरिंग नी आर्किटेक्चरची, पीएचडीपर्यंत सगळं. १८५९ ला इंजिनियरांची शाळा म्हणून सुरू झाली, म्हणजे इटली एक देश झाला १८६१ ला, कॉलेज त्याच्याही आधीचं. आपल्यासारख्या सीमेवरच्या माणसाला हे वाचून जरा गंमत वाटते, सरहद्दी इकडच्या तिकडं झाल्या नी शाळा आपली चालूच.

फोटोत तू जो पो नदीकाठचा राजवाडा बघितलास ना, व्हॅलेंतिनो, तो खरा आहे, सुरुवातीला शाळा तिथंच भरायची. पण आता तिथं आर्किटेक्चरवाले बसतात. आपल्या नशिबात दुसरी इमारत. जुनी गावातली इमारत १९४२ च्या बॉम्बहल्ल्यात गेली, मग नवी बांधली, ती १९५८ ला सुरू झाली, लांबच लांब, सरळ, कुठल्याही सरकारी कचेरीसारखी. पहिल्या दिवशी मला वाटलं चुकीच्या स्टॉपला उतरलो. व्हिन्झाल्यो मेट्रोला उतर नी पाठीवर सॅक असलेल्या पोरांच्या मागनं चालत जा, पोचतोस.

अजून एक गोष्ट, ती वेबसाइटवर असूनही सांगतो कारण ती तुझ्या कामाची आहे. १९०६ ला ही इंजिनियरांची शाळा नी इथलं उद्योग म्युझियम एकत्र करून पॉलिटेक्निक झालं. त्या म्युझियममध्ये गॅलिलिओ फेरारिस नावाचे प्रोफेसर शिकवायचे (दुर्बिणीवाला गॅलिलिओ वेगळा), त्यांनी १८८५ ला फिरतं चुंबकीय क्षेत्र करून दाखवलं, टेस्लानंही ते स्वतंत्रपणे शोधलं ती गोष्ट निराळी. उद्यमबागेत कुठल्याही शेडमध्ये जा, लेथची मोटर त्याच तत्त्वावर फिरते. मी सहावी-सातवीत असताना बाबांच्या शेडमध्ये ती मोटर जळल्याचा वास कितीदा घेतलाय. इथं लेक्चरला ते नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा शेजारच्या पोराला सांगावंसं वाटलं, पण काय सांगणार आणि कुठल्या भाषेत.

कॅम्पसचं म्हणशील तर एसटीत रुमाल टाकून जागा धरायची सवय असेल तर पास. मोठे हॉल, लाकडी घडीच्या खुर्च्या, सकाळी लवकर येऊन पोरं पेनाचे पाऊच, जॅकेट ठेवून पाच-पाच जागा धरतात. परीक्षेच्या महिन्यात अभ्यासिकेत तर मारामारी. मेसला मेन्सा म्हणतात, स्कॉलरशिप असली तर स्वस्तात भागतं, व्हेज असशील तर पास्ता आणि उकडलेल्या भाज्यांवर प्रेम करायला शिक. हिरवी मिरची, कोथिंबीर पोर्ता पालात्सोच्या बाजारात मिळते, तिथं शनिवारी गेलं की खडे बाजारात आल्यासारखं वाटतं, गर्दी नी ओरडा तसाच.

परीक्षा मात्र नीट समजून घे, इथं मी फसलो. मार्क ३० पैकी, १८ ला पास. बऱ्याच विषयांना तोंडी पण असते, प्रोफेसरच्या समोर बसून. मार्क आवडले नाहीत तर तू ते नाकारू शकतोस, परत बसायचं. मला पहिल्याच विषयात १९ मिळाले, मी उभा राहून थँक्यू म्हणून आलो, आपल्याला बॅकलॉगची धास्ती, पास म्हणजे देव पावला. बाहेर इटालियन पोरं डोक्याला हात लावून, घेतलेस का रे ते १९? शेवटी सगळ्याची सरासरी ११० च्या हिशोबात जाते, तो १९ अजून माझ्या मार्कलिस्टवर बसलाय. डिग्री मिळाली की डोक्यावर लॉरेलच्या पानांची गोल माळ घालतात. आईनं व्हिडिओवर बघितलं नी म्हणाली, डोस्क्यावर तमालपत्र घालून काय करूलास रे?

आणि हो, डिग्री मिळेपर्यंत मोले आंतोनेल्लियाना या उंच मनोऱ्यावर चढू नको, पोरं म्हणतात चढला की डिग्री होत नाही. माझा विश्वास नाही, पण मी चढलो नव्हतो.

एकटेपणा. वाटतो. फेब्रुवारीत जास्त, ऑगस्टमध्ये सगळं गाव बंद असतं तेव्हापण. तू बायको-मुलीला घेऊन येतोयस, तुझं भागेल. पुढे.

कागद. स्कॉलरशिपला घरच्यांचं उत्पन्न दाखवावं लागतं, आपला दाखला कन्नडमध्ये, त्याचं इंग्लिश, त्याचं परत इटालियन. वर घर स्वतःचं असेल तर त्याचं क्षेत्रफळ, चौरस मीटरमध्ये. आपल्याला गुंठा माहिती, गुंठ्याचे साधारण १०१ चौरस मीटर होतात, पण घर कोण मोजतंय? बाबांनी गवंड्याकडनं टेप आणला नी फोन कानाला लावून मला खोल्या सांगत गेले, देवघर धरायचं का रे? मी म्हटलं धरा.

त्याहून वाईट होतं ते गावाचं नाव. माझ्या जन्मदाखल्यावर बेळगाव, पासपोर्टवर बेळगावी. एका ऑफिसात बाईंनी दोन्ही कागद शेजारी-शेजारी ठेवले नी विचारलं, तुमचा जन्म नक्की कुठल्या गावात झाला? तुला माहितीच आहे नाव २०१४ ला बदललं, तेपण १ नोव्हेंबरला, कर्नाटक राज्योत्सवाच्या दिवशी. आमचे बाबा दर १ नोव्हेंबरला दंडाला काळी फीत लावून निषेधाच्या फेरीत जाणारे, अजून जातात, गुडघे दुखतात तरी. आणि त्यांच्या पोराला शपथपत्र करून लिहून द्यावं लागलं की ही दोन्ही नावं एकाच गावाची. नोटरीकडं बाबाच घेऊन गेले स्कूटरवरनं. वाटेत एक शब्द बोलले नाहीत. तुझे कागद आत्ताच काढून बघ, बायकोचे, मुलीचे, सगळ्यांचे. इथं १६ युरोचा स्टॅम्प लावून काहीतरी दुरुस्त करत बसायचं म्हणजे महिना जातो.

आता शाळा. तुझी मुलगी चार वर्षांची, म्हणजे ती बालवाडीत जाईल, तीन ते सहा वर्षांची पोरं तिथं असतात, मग सहाव्या वर्षी पहिली. भाषेची काळजी तू करतोयस, ती करणार नाही, सहा महिन्यांत तीच तुला दुकानात इटालियन सांगेल. तुलाही जमेल बघ. आपण बेळगावकडची माणसं, घरात एक नी काउंटरवर दुसरी हे आपल्याला जन्मापासनं ठाऊक आहे. तिसरी काय जड नाही.

माझं जे झालं ते सांगतो. आमचा पोरगा दोन वर्षांचा असताना आला. शाळेत नाव घालताना फॉर्मवर मातृभाषेचा रकाना, मी मराठी लिहिलं. काउंटरवरच्या बाईंना त्यांच्या कॉम्प्युटरच्या लिस्टमध्ये मराठी सापडेना, त्या म्हणाल्या इंदियानो, म्हणजे भारतीय, लिहू का? मागं रांग होती. मी म्हटलं लिहा.

एवढंच झालं. कोणी ओरडलं नाही, कोणी अडवलं नाही. पुढच्या वर्षी त्याच्या बाईंनी अगदी प्रेमानं सांगितलं की घरी थोडं इटालियन बोला म्हणजे तो मागं पडणार नाही, आणि आम्ही बोललो, वर्षभर, मोडकंतोडकं. माझे बाबा सगळे नको म्हणत असताना मला मराठी शाळेत घालणारे, लाइटबिल मराठीत पाहिजे म्हणून खिडकीवर तासभर भांडणारे, नी मी चार माणसांच्या रांगेला घाबरलो. पोरगा आता आठ वर्षांचा आहे, मराठी कळतं सगळं, पण फोनवर आजोबांना विचारतो, आजोबा, तू जेवली? बाबा हसतात नी म्हणतात, चाओ. तेवढं एक इटालियन ते शिकलेत.

तू ये. कॉलेज चांगलं आहे, खरंच चांगलं आहे, इथल्या डिग्रीनं माझं भलं झालं. पण मुलीच्या फॉर्मवर मराठीच लिही, ते लिस्टमध्ये सापडलं नाही तरी त्यांना शोधायला लाव.

आणि नोटरीकडं जायच्या आधी मेसेज कर, माझ्या शपथपत्राचा ड्राफ्ट पाठवतो, ते परत टाइप करायला नको. त्यात टायपिस्टनं 'फॉर्मर्ली बेळगाव' असं घातलं होतं, बाबांनी नोटरीचाच पेन मागून घेऊन 'फॉर्मर्ली' खोडलं नी वर 'ऑल्सो' लिहिलं. तसंच ठेव. इथं चाललं ते.